ताणा उठल्यावर पहिली गाडी

आमच्या बेळगावात एके काळी गल्लीतनं रुळावरची गाडी जायची, असं मी नातवंडांना सांगितलं की ती एकमेकांकडं बघून हसतात. हसा म्हणावं. रूळ आता नाहीत हे खरं. विलायतेत लढाई लागली, लोखंडाची ओढाताण झाली, आणि कंपनीनं रूळ उपटून दिले. पण त्यातले बरेचसे मी स्वतः उन्हात उभा राहून टाकून घेतले होते, आणि वडगावातल्या एका वळणावरचे तर तीनदा. एकच वळण, तीनदा! त्या वळणापायी माझी नोकरी जायची ती राहिली. अजून त्या गल्लीच्या तोंडाशी आलो की आधी "सुटलो बाबा!" असं तोंडातनं निघतं, आणि मग मी पुढं चालायला लागतो.

नोकरी नुसती माझी नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर जीव एवढा टांगणीला का लागला होता ते कळायचं नाही. आम्ही बेळगुंदीचे, शेतकरी. वडील लवकर गेले. घरात आई आणि आम्ही दोघं भाऊ. शाळेतल्या मास्तरांनी आईला सांगितलं की दोघंही शिकण्यासारखे आहेत. पण दोघं शाळेत गेले तर बैलांमागं कोण जाणार? तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, आपली पाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "ह्यो शिकंल. मी बैलं बघतो." झालं, तेवढीच चर्चा. त्याला तेव्हा मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. पुढं मी फायनलची परीक्षा पास झालो, खानापूरकडं रस्त्याच्या कामावर मोजणीची साखळी धरायला शिकलो, आणि बेळगावच्या काही व्यापाऱ्यांनी स्टेशनापासून वडगावपर्यंत रुळावरची छोटी गाडी घालायला कंपनी काढली, तेव्हा तिथं ओव्हरसियर म्हणून लागलो.

अण्णानं गावभर केलं, "आमचा धाकटा आगगाडी घालालाय." मी म्हटलं, "अण्णा, आगगाडी न्हवं ती. आग न्हाय तिच्यात. घोडं वढणार." तर म्हणाला, "घोडं तर घोडं. रूळ हाईत का न्हाईत? मग झालं तर!" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

घोडं ओढणार हे ठरायलाच अर्धं वर्ष गेलं होतं. कंपनीच्या शेटजींत दोन तट पडले, एक इंजिनवाल्यांचा आणि एक घोडेवाल्यांचा. दर बैठकीला चहापोहे व्हायचे, आवाज चढायचे आणि पुढची तारीख पडायची. शेवटी कुणीतरी विचारलं की इंजिनाची ठिणगी विणकरांच्या सुतावर पडली तर काय, आणि मग एकदाचे सगळे घोड्यावर आले. त्यानंतर खानापूरच्या रानातनं स्लीपर आले. लाकूड नामी, पण ओलं! चैत्राच्या उन्हात ते असे पीळ खाऊन बसले की रूळ ठेवला तर एक टोक वर आणि एक खाली. ते सगळे परत. मग बुजवलेली एक विहीर रस्त्याखाली निघाली. कुणाला तिचा पत्ता नव्हता. खडीनं भरलेली गाडी वरनं गेली आणि चाक आसासकट आत गेलं. त्या विहिरीला इतकी खडी लागली की ती कुठं जातेय असं मी वाकून बघत बसायचो.

आणि हद्द! स्टेशन खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, पुढं गेलं की संस्थानी मुलूख. म्हणजे एकाच रुळाला दोन सरकारांची परवानगी. इकडची परवानगी हातात पडेतोवर तिकडची मुदत संपायची, तिकडची वाढवून आणेतोवर इकडचा अंमलदार बदलून जायचा आणि नव्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं. मी तापट माणूस. कचेरीच्या बाकावर बसून बसून माझं डोकं असं फिरायचं की एकदा मी शिपायाला म्हणालो, "बाबा रे, तो हद्दीचा दगड कुठाय तेवढा दाखव, मी त्यावरच रूळ टाकतो, निम्मा तुमचा, निम्मा त्यांचा." शिपायानं ते आत जाऊन सांगितलं. मला माफी मागावी लागली.

या सगळ्यात अण्णा दर बाजाराच्या दिवशी रताळ्यांची नाहीतर भाताची गाडी घेऊन यायचा, काम चाललेलं असेल तिथं बैल थांबवायचा आणि विचारायचा, "कवा सुटणार रं गाडी?" मी म्हणायचो, दसऱ्याला. दसरा गेला की म्हणायचो, पाडव्याला. तो गावात जाऊन तसंच सांगायचा. अशी तीन वर्षं गेली. गावातली माणसं हसायला लागली असणार, पण त्यानं मला ते कधी कळू दिलं नाही.

तर असे रखडत रखडत आम्ही वडगावच्या विणकरांच्या गल्लीपाशी पोचलो. मी म्हटलं, चला, आता शेवटची गल्ली. शिरताना एक वळण, मग सरळ दीडशे पावलं, की झालं. त्या वळणावर, गल्लीच्या तोंडाशी, अगदी मधोमध एक दगडी खांब उभा होता. कमरेएवढा. वरच्या अंगाला दोरानं घासून घासून खाच पडलेली. मी बघितलं, म्हटलं, कुणाच्यातरी जुन्या दावणीचा खांब असेल, गुरं बांधत असतील. गड्यांना सांगितलं, उपटा. पहारी लावून त्यांनी तो उपटला आणि गटाराच्या कडेला लोटून दिला. गल्लीतली दोन-तीन माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती. एक अक्षर कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

खांबाच्या जागी मी माझी खुंटी ठोकली. जांभळीचं लाकूड, मनगटाएवढं जाड, गुडघाभर वर. रुळाची मधली रेघ त्या खुंटीवरनं जायची, आणि तिच्यावरनं वळण धरायचं. आठ दिवसांनी वळणाचे रूळ पडले. इंजिनीयर आले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. उंच, कमी बोलणारे, काळा कोट कधी न काढणारे. त्यांनी रिकामा डबा वळणावरनं ढकलायला लावला, तर डबा गेला तो एका घराच्या ओट्याला घासून. ओट्याचा कोपराच उडाला. रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ओव्हरसियर, सरळ रेघ मारता येते ना तुम्हाला?"

रूळ काढले. पुन्हा मोजलं. खुंटी चार बोटं हललेली होती! ती सरळ केली, पुन्हा रूळ टाकले. पुन्हा डबा ओट्याला. या खेपेला रावसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी सकाळी आठ वाजता मी येतो. खुंटी जागेवर असेल तर रूळ टाकू. नसेल तर तुम्ही बेळगुंदीला जा, मी दुसरा माणूस बघतो." त्या शनिवारी मी जेवलो नाही. सारखं एकच डोळ्यांपुढं यायचं, अण्णानं सरकवलेली ती पाटी.

खुंटी शनिवारी पक्की केली, भोवती दगड ठोकले. रविवारी काम बंद, तरी दुपारी जाऊन बघितलं, तर पुन्हा कललेली. आता मात्र माझं टाळकं सरकलं. कोण करतंय हे? मला वाटलं, टांगेवाले. आमची गाडी आली की त्यांच्या पोटावर पाय येणार, मग उपटणारच खुंट्या. तसाच तावातावानं टांग्यांच्या अड्ड्यावर गेलो आणि त्यांच्यातल्या सगळ्यात जाड्या माणसाच्या पुढं उभा राहून ओरडलो. त्यानं तोंडातलं पान एका गालातनं दुसऱ्या गालात नेलं. म्हणाला, "तुझ्या खुंट्या उपटायला मला काय येड लागलंय? तीन वर्सं तुझी गाडी ईना. तवर माझी दोन घोडी म्हातारी झाली. देव तुझ्या कंपनीचं भलं करो, असंच बांधत ऱ्हावा तुम्ही." सगळा अड्डा हसला. मी एवढंसं तोंड घेऊन परत आलो.

खुंटी पुन्हा सरळ केली आणि ठरवलं, सोमवारी उजाडायलाच तिथं हजर व्हायचं. आजवर मी गड्यांबरोबर आठ-नऊला पोचायचो. बिऱ्हाड स्टेशनाकडं, त्यामुळं त्याआधीची गल्ली मी कधी बघितलीच नव्हती. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडलेली. झुंजूमुंजू होत होतं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि जागीच थांबलो.

गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतानं भरलेली. पांढरं सूत, हजारो धागे, मधे मधे बांबूच्या कैच्यांवर पेललेले, कमरेच्या उंचीवर ताणलेले, आणि सगळं खळीनं ओलं. दोन्ही अंगांनी बाया-माणसं मोठमोठे कुंचे घेऊन सुतावरनं हात फिरवत पुढं चालली होती, मागं येत होती. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात, पांजणी करतात, ती ही. ती रस्त्यातच होते, दुसरीकडं एवढी लांब जागा कुठली? आणि ती उजाडताना करायची, ऊन चढायच्या आत वाळवून उचलायची, नाहीतर धागा कडकतो, तटातट तुटतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या घडीला मला एवढंच दिसलं की त्या ताण्याचा अलीकडचा दोर माझ्या खुंटीला बांधलेला आहे, आणि खुंटी कलतेय.

"कुणी बांधला ह्यो दोर?" मी असा ओरडलो की कुंचे थांबले. कमरेला चाकू होता, तो काढला. "ही माझी खुंटी हाय! माझी नोकरी चाललीय हिच्यापायी!" आणि मी दोर धरला.

एक पन्नाशीची बाई पुढं आली. कोपरापर्यंत हात खळीनं माखलेले. घरात दोन माग, मुलं, सुना, आणि सगळ्यांवर तिचा शब्द. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. ती माझ्या चाकूकडं बघत म्हणाली, "काय री मिस्त्री, खुंटी तुमची, व्हय. खांब आमचा हुता. तो उपटलासा तुम्ही. मग ताणा बांधायचा कुठं? तुमच्या टकुऱ्याला?"

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग समजलं. ती खाच दोराची होती. गुरांच्या दोराची नव्हे, ताण्याच्या. किती पिढ्यांच्या दोरांनी घासून पडली असेल कोण जाणे. पाळीपाळीनं रोज एका घराचा ताणा त्या खांबाला बांधला जात होता, आणि खांब मी काढून घेतल्यावर तो माझ्या खुंटीला बांधला जात होता, कारण खुंटी बरोबर त्याच जागी होती. कुणी काही लपवलं नव्हतं. मी आठला यायचो, त्याआधी ताणा उचलून घरात गेलेला असायचा.

"मग सांगायचं न्हाय व्हय?" मी म्हणालो. आवाज खाली आला होता.

"सरकारी माणसाला कोण सांगणार?"

आता मी कसला सरकारी? पण टोपी घालत होतो, हातात कागद होता, आणि रस्ता खणत होतो. त्यांना दुसरं काय वाटणार! तरीसुद्धा माझा हात दोरावरनं निघेना. रावसाहेब आठला येणार होते. मी म्हणालो, "आक्का, मला दोर कापाय पायजे. सायेब याच्या आत खुंटी सरळ कराय पायजे."

"काप की," ती म्हणाली. "तुझं काम हाय ते. पर वाळू दे आधी. ओला ताणा भुईला पडला तर समदं सूत एकमेकाला चिकटतंय. दोन म्हैन्याचं इणकाम गेलं मग. एवढं वाळू दे, मग काय कापायचं ते काप."

मी चाकू मिटला. दुसरं काय करणार होतो? थोडा वेळ तसाच उभा राहिलो. त्या दिवशी आभाळ आलेलं, रोजच्यासारखं ऊन लवकर येईना. आक्का म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास? वाळाया पायजे तर हात लाव," आणि एक कुंचा माझ्या हातात दिला. खळ बर्फासारखी गार होती. मी घाबरून घाबरून हात फिरवत होतो, कारण एका बाजूनं खुंटी कलत होती आणि दुसऱ्या बाजूनं आठ वाजत होते. एक सून मला हसली. म्हणाली, "मिस्त्री, सूत हाय ते, म्हस न्हवं. हळू चोळा."

आणि आठ वाजता रावसाहेब आले. मी कोपरापर्यंत खळीनं भरलेला, कुंचा हातात, आणि माझ्यामागं सरळ दोर माझ्या खुंटीला. ते सायकलवरनं उतरले, सगळं बघितलं आणि म्हणाले, "ओव्हरसियर, हे काय आहे?"

रात्रभर मी मनात घोकत होतो की ज्यानं कुणी खुंटी हलवली त्याचं नाव सांगायचं आणि सुटायचं. नाव समोर उभं होतं, हात पुसत. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "रावसाहेब, इथं यांचा खांब होता. तो मी उपटला. कशाला आहे ते विचारलं नाही. म्हणून ताणा खुंटीला बांधतात, आणि खुंटी हलते. चूक माझी आहे." मनात म्हटलं, झालं, गेलास तू बेळगुंदीला.

रावसाहेबांनी आक्काला विचारलं, "वाळायला किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "सावली त्या वट्यावनं खाली उतरली की झालं." त्यांनी घड्याळ काढलं, परत खिशात ठेवलं, आणि ज्या ओट्याचा कोपरा आमच्या डब्यानं उडवला होता त्याच ओट्यावर जाऊन बसले. ताणा वाळला, चौघांनी गुंडाळून उचलून आत नेला. मग त्यांनी खुंटी मोजली. तीन बोटं. मला म्हणाले, "तुम्ही आज घरी जा. मी कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते मला कळत होतं. बिऱ्हाडावर जाऊन ट्रंक भरली आणि पायी बेळगुंदीची वाट धरली. अण्णा शेतात रताळी काढत होता. मला बघून ताठ झाला. "काय रं? आज बाजार बी न्हाय, सण बी न्हाय?" मग त्याला ट्रंक दिसली. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. खांब, खुंटी, चाकू, खळ, सगळं. वाटलं, आता तो चिडेल. माझ्यासाठी शाळा सोडलेला माणूस, चिडला असता तर मी काय बोलणार होतो?

त्यानं एकच विचारलं, "खांबाला दोराची खाच हुती?"

"हुती."

"मग इचारायचं हुतंस की. साळेत हे शिकवत न्हाईत व्हय?" त्यानं हातातल्या रताळ्याची माती पुसली. मग उठला. "कुणाचा बांध उकरावा तसं केलंस तू. नोकरी ऱ्हाईल न्हाईतर जाईल, ते मागनं बघू. आधी त्यांचा खांब लावून दे. उद्या पहाटं अंधारातच निघू. पहार घेतो मी." मला रडू आलं. त्याच्यासमोर रडलो, लाज नाही वाटली. तो म्हणाला, "रताळी तरी भर पोत्यात, आलाईस तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बैलगाडी घेऊन गल्लीत. त्या दिवशी ज्या घराची पाळी होती, त्याचा ताणा उठायची वाट बघितली. मग गटाराच्या कडेचा खांब गाडीच्या दांडीनं उचलला. मधोमध तो आता लावता येत नव्हता, रूळ तिथनं जाणार. मी रुळाची रेघ धरून मोजलं आणि भिंतीच्या बाजूला जागा धरली. आक्का म्हणाली, "गल्लीच्या पलीकडच्या टोकाचा खांब बी आमी तेवढाच सरकवू. ताणा सरळ असला म्हंजे झालं." अण्णानं खड्डा खणला. मी पहारीनं दगड ठासत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, एवढं तरी नीट होतंय.

मागं सायकल थांबल्याचा आवाज आला. रावसाहेब. बरोबर नवा माणूस असेल म्हणून मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. ते खांबाजवळ आले. मग म्हणाले, "आणखी वीतभर भिंतीकडं घ्या. गाडीची पायरी लागेल."

मला अर्थच लागेना. अण्णा मात्र खड्ड्यातनं वर आला, हात झटकले आणि सरळ विचारलं, "सायेब, म्हंजे गाडी ह्योच घालणार न्हवं?"

"मग दुसरा कोण घालणार?" रावसाहेब म्हणाले. "ही गल्ली आता यांना एकट्यालाच कळलीय."

अहाहा! त्या क्षणी छातीवरनं काय उतरलं ते मी कसं सांगू! मी मटकन त्या खड्ड्याच्या काठावर बसलो. अण्णा म्हणाला, "ऊठ की, खांब कोण धरणार?" आम्ही तो वीतभर भिंतीकडं घेतला.

वळणाचे रूळ तिसऱ्यांदा पडले आणि डबा ओट्याला न लागता गेला. तो उडालेला कोपरा आम्ही बांधून दिला. पण एक अडचण राहिलीच. खांब बाजूला गेला तरी पांजणी करणारे दोन्ही अंगांनी चालणार, म्हणजे रुळांवरनंच. सकाळी गाडी आणि ताणा एका वेळी गल्लीत मावणार नाहीत. शेटजी लोक म्हणाले, विणकरांना दुसरीकडं पाठवा. रावसाहेब बैठकीला गेले, काय बोलले देव जाणे, आणि वेळापत्रकाच्या पाटीवर सगळ्यात वर असं लिहून आलं: सकाळची पहिली गाडी, ताणा उठल्यावर. तास नाही, मिनिट नाही. आणि तो ताणा उठला की नाही हे बघून हिरवं निशाण दाखवायचं काम माझ्याकडं आलं. माझी नोकरी पक्की झाली ती अशी.

पहिल्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला नवा रुमाल बांधून, तांबडं फुटायलाच हजर. गाडी उभी, घोडं उभं, आणि ताणा अजून ओला. तो येरझाऱ्या घालायला लागला. तेवढ्यात आक्कानं त्याच्याही हातात कुंचा दिला. नांगराचे हात ते, पण माझ्यापेक्षा हलके पडले. सून मला म्हणाली, "बघा मिस्त्री, असं चोळत्यात."

हात पुसत तो माझ्याजवळ आला, निशाणाकडं बघितलं. "मग तुझं काम काय रं ह्यात?"

"ताणा उठला का न्हाय ते बघायचं. उठेपर्यंत गाडी सोडायची न्हाय."

"म्हंजे एवढी साळा शिकून राखणच करालास की!" तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "बरं झालं. राखण करणारा पायजेच. मी करतो न्हवं पिकाची."

मग तो गाडीत जाऊन बसला, दाराजवळ, मला दिसेल असा. चौघांनी ताणा उचलला आणि आत नेला. रस्त्यावर रूळ मोकळे झाले. तीन वर्षं दर बाजाराला विचारायचा तसंच त्यानं ओरडून विचारलं, "कवा सुटणार रं गाडी?"

मी निशाण वर केलं. म्हटलं, "ही बघ अण्णा, सुटली."